ओले चित्र नेणारी पेटी

मित्रांनो, माझ्या डाव्या कुशीला किल्लीचे एक भोक आहे, पण मला कुलूप नाही. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस त्या भोकात हटकून बोट घालतो आणि विचारतो, "किल्ली कुठाय?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मला सगळी हकिगतच सांगावी लागेल. मी एक जुनी रंगपेटी आहे. कुण्या थोर चित्रकाराची नाही. माझ्या धन्याचे नाव तुम्ही कुठे वाचलेले नसणार. हकिगत साधीच आहे. मध्येच कंटाळा आला तर दोष माझ्या सांगण्याचा समजा, त्यातल्या माणसांचा नव्हे.

पेटी होण्याआधी मी खण होते. एका जुन्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण. माझ्यात दोऱ्याची रिळे आणि जुनी पत्रे असत, म्हणून मला कुलूप होते. पुढे कपाटाला वाळवी लागली. मी तेवढी वाचले आणि एका सुताराच्या दुकानात येऊन पडले. सुताराने माझे कुलूप काढून दुसऱ्या कुठल्याशा दाराला लावले. भोक माझ्याकडे राहिले.

या सुताराचा धाकटा मुलगा चित्रशाळेत जाऊ लागला होता. सुताराला ते फारसे पसंत नव्हते, पण त्याने मोडता घातला नाही. एका दुपारी रंधा चालवता चालवता त्याने मुलाला विचारले, "तेलाचा रंग वाळायला किती दिवस घेतो?"

"आठ-दहा. थंडीत महिनासुद्धा," मुलगा म्हणाला.

"मग बाहेर बसून काढलेलं चित्र घरी कसं आणतोस?"

"धरून."

"दोन्ही हातांनी?"

"हो."

"आणि सामान?"

मुलगा डोके खाजवू लागला. सुतार पुन्हा रंधा चालवू लागला. दोन दिवसांनी त्याने मला कापले, तासले, झाकण बसवले, पितळी कडी लावली, आत रंगांच्या ट्यूबांसाठी कप्पे केले. पांढरा रंग सगळ्यात जास्त लागतो हे त्याने मुलाला विचारून घेतले होते, म्हणून पहिला कप्पा सगळ्यात मोठा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने समोरासमोर दोन खाचा पाडल्या. त्या खाचांत चित्राची फळी सरकवली की ओला रंग आत राही आणि कशालाही टेकत नसे. मला मुलाच्या हातात देताना सुतार म्हणाला, "चित्रातलं मला कळत नाही. ओली वस्तू न्यायची कशी, तेवढं कळतं."

हा मुलगा पुढे त्याच चित्रशाळेत शिकवू लागला. तोच माझा धनी. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तरांचा हात चांगला होता. हे मी म्हणते, आणि माझे मत पेटीचे मत आहे हे मला ठाऊक आहे. पण इतर जाणतेही तसेच म्हणत. खोड एकच होती. दिवसभर काढलेले चित्र संध्याकाळी घरी आणले, की ते खिडकीशी टेकवून ठेवत. लांब जात, जवळ येत, मान वाकडी करत. मग माझ्यातली सुरी काढत. ही सुरी भाजी चिरायची नव्हे. रंग कालवायची पातळ, बोथट, लवचीक सुरी असते, ती. तिने ते दिवसभराचा ओला रंग खरवडून काढत. सगळा चेहरा एका गोळ्यात जमा होई आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात जाई. फळीवर उरे तो फक्त डाग. मग मास्तर सुरी पुसून माझ्यात ठेवत आणि म्हणत, "उद्या बघू."

अशी एकेका फळीवर दहा-दहा माणसे येऊन गेली. राहिले कुणीच नाही.

मास्तर थोरल्या भावाच्या घरी राहत. त्यांच्या वहिनी बोलायला फटकळ, पण मनाने सरळ. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊजी, मीही विणते आणि उसवते. पण हिवाळा संपेपर्यंत माझा एक स्वेटर तरी होतो."

मास्तर हसले आणि सुरी पुसत राहिले.

आता ताईंबद्दल सांगते. चित्रशाळेत समोर बसवून चित्र काढायला माणूस लागते. त्याला मॉडेल म्हणतात. न हलता बसायचे, एवढेच काम. ऐकायला सोपे वाटते. तुम्ही पाच मिनिटे बसून बघा, मग कळेल. ताई तीस वर्षे बसल्या. आल्या तेव्हा तरुण होत्या, नवरा वारलेला, पदरात एक लहान मुलगी. पहिल्या वर्गांनी त्यांना ताई म्हटले, पुढच्यांनी मावशी, आणि शेवटची मुले तर आजी म्हणू लागली होती. मास्तर पहिल्याच वर्गातले, म्हणून त्यांच्या तोंडी ताईच राहिले. ताई त्यांना आधी अरे-तुरे करत. ते शिकवायला लागले त्या दिवशी ताईंनी भर वर्गात "या, मास्तर, तुम्ही" म्हटले आणि मास्तर लाजून फळ्यामागे गेले.

ताईंची किती चित्रे झाली असतील, मोजदाद नाही. पण चित्रशाळेत कापड महाग असे. वर्ष संपले की सगळ्या चित्रांवर राखी रंगाचा हात फिरवायचा आणि पुढच्या वर्षी तेच कापड पुन्हा वापरायचे, असा तिथला रिवाज होता. ताईंच्या मुलीला हे माहीत नव्हते. नऊ वर्षांची असताना तिने वर्गात सांगितले, "माझ्या आईची शंभर चित्रं आहेत." मैत्रिणींना खरे वाटेना. ती दोघींना घेऊन चित्रशाळेत आली. नेमकी ती वर्षअखेर होती. मुले ओळीने उभी राहून चित्रांवर राखी रंग फासत होती. एका कापडावर ताईंचा कान आणि अर्धी हनुवटी तेवढी उरली होती. मुलगी मैत्रिणींना घेऊन तशीच मागे फिरली. त्यानंतर ती चित्रशाळेत कधी आली नाही. मोठी झाल्यावर कुणी आईच्या कामाचे विचारले तर म्हणायची, "आई बसायची आणि ते पुसायचे."

मी सांगते आहे त्या हिवाळ्यात ताईंचे गुडघे फार धरले. लेकीचे लग्न होऊन तिचे घर दूरच्या गावी होते. तिने कळवले, आता तू इकडे ये. दिवस ठरला, रविवार, दुपारी बाराची गाडी. त्याच्या दहा दिवस आधी ताई मास्तरांकडे आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "मास्तर, मला न्यायला एक चित्र द्या."

"कुठलं?" मास्तरांनी विचारले.

"तेच तर. एकही नाही. तुमच्याकडेही नाही आणि शाळेकडेही नाही. लेकीच्या घरी रिकाम्या हातांनी जायचं, आणि तीस वर्षं काय केलं विचारलं तर सांगायचं काय, बसले होते?"

मास्तर बराच वेळ माझ्या कडीशी चाळा करत होते. मग म्हणाले, "उद्यापासून या."

जागेची अडचण होती. चित्रशाळेची मॉडेलची खोली छपराच्या दुरुस्तीसाठी बंद होती. मास्तरांच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडे, दिवसाही तिथे दिवा लागे. राहिले मागचे अंगण. तिथे हिवाळ्यात नऊ ते साडेअकरा ऊन येई, पुढे शेजारच्या घराची सावली पडे. ते अंगण वहिनींचे. गोधड्या वाळत घालायचे. वहिनी म्हणाल्या, "नऊच दिवस. दहाव्या दिवशी मी दोरी बांधणार, मग त्यात तुमची ताई गुंडाळली गेली तर माझ्याकडे येऊ नका."

मित्रांनो, कडाक्याच्या थंडीत उघड्यावर तेलरंगाने चित्र काढणे म्हणजे काय, ते मला सांगू द्या, कारण हे मला खरोखरच ठाऊक आहे. सकाळी नळाच्या तोंडाशी बर्फाची टिकली असे. माझी पितळी कडी उघडताना मास्तरांची बोटे तिला चिकटत. रंगात जवसाचे तेल असते. ते थंडीत दाटते. निळा कसाबसा निघे. पांढरा मात्र ट्यूबमध्ये मेणासारखा बसून राही. दाबला तर ट्यूबच मागून फाटायची भीती. हातमोजे घातले तर ब्रश कळत नाही, न घातले तर बोटे कळत नाहीत. शेवटी वहिनींचा एक जुना लोकरी पायमोजा मास्तरांनी हातावर चढवला, त्याला एक भोक पाडले आणि त्यातून ब्रशचा दांडा बाहेर काढला. हात आत, ब्रश बाहेर.

"माझ्या पायाचं नशीब उजळलं," वहिनी मोजा पाहून म्हणाल्या.

ताईंची खुर्ची फरशीवर ठेवून तिच्या चारी पायांभोवती खडूने गोल काढले, म्हणजे रोज तीच जागा. पायांखाली लाकडी पाट आणि पाटावर गोणपाटात गुंडाळलेली तापलेली वीट. अंगावर तपकिरी शाल. नजर समोरच्या भिंतीतल्या एका खिळ्यावर. मी शेजारच्या स्टुलावर, झाकण उघडे.

पांढऱ्या रंगावरची तोड ताईंनीच काढली. पहिल्या दिवशी मास्तर ट्यूब दोन्ही तळव्यांत चोळत बसले होते. ताई म्हणाल्या, "इकडे द्या ती. माझा डावा हात शालीखालीच आहे, चित्रात नाही. आयता बसलाय." त्यांनी ट्यूब स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली. त्यानंतर रोज तेच. मास्तर म्हणत, "पांढरा." ताई डाव्या हाताने ट्यूब पुढे करत, उजवा खांदा केसभरही न हलवता. मास्तर थोडा रंग काढून ट्यूब परत देत. झाकण लावायचे त्यांच्या कधी लक्षात राहत नसे. बाकीच्या ट्यूबांची झाकणे माझ्या तळाशी खड्यांसारखी गडगडत असत. पांढऱ्याचे झाकण ताई शालीच्या आत, न बघता, घट्ट पिळून लावत.

सगळ्यात मोठी पंचाईत नाकाची झाली. नऊ वाजता ताईंचे नाक कपाळाच्याच रंगाचे असे. दहाला गुलाबी. साडेदहाला पिकल्या मिरचीसारखे. मास्तरांना कळेना, खरे नाक कुठले. सकाळी काढलेले ते दहाला बदलत, दहाचे अकराला.

"ताई, नाक जरा..." एकदा ते चाचरत म्हणाले.

"नाकाचं काय करू मास्तर? उद्यापासून घरी ठेवून येऊ?"

ताई खिळ्यावरची नजर न हलवता बोलत. त्यांना चित्र दिसत नसे, पण सगळे कळे. "आज गाल तिसऱ्यांदा करताय," त्या म्हणत.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाल करताना तुम्ही ओठ चावता. कान करताना नाही चावत. कान तुम्हाला पहिल्या वर्षापासून येतो."

मी हे सगळे ऐकत असे आणि मला बरे वाटे. पण मग संध्याकाळ होई. मास्तर चित्र खिडकीशी ठेवत. लांब जात, जवळ येत. आणि सुरी काढत. शालीला ते हात लावत नसत, खुर्चीलाही नाही. चेहरा तेवढा रोज जाई. सात दिवस झाले. शाल दिवसेंदिवस इतकी छान होत गेली की तिची ऊब लागावी. वर चेहऱ्याच्या जागी मात्र एक मळकट डाग.

वहिनी दारातून बघून म्हणाल्या, "शाल झकास झाली, भाऊजी. आता आत कुणाला बसवायचं तेवढं ठरवा."

आठव्या दिवशी सकाळी ताईंनी विचारले, "काल पुसलं?"

मास्तर ब्रश पुसू लागले.

"मला वाटलंच. हे बघा, मला सुंदर नकोय. मी आहे तेवढी पुरे. गावाला गेले की तिथे मला कुणी ओळखत नाही. लेक ओळखते, पण तिच्या मनात अर्धी हनुवटी बसलीय. तेवढी पूर्ण करा."

त्या संध्याकाळीही चेहरा गेला. मला सांगायला वाईट वाटते, पण खोटे कशाला सांगू?

शनिवार हा नववा दिवस. ऊन स्वच्छ होते. ताई लेकीच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या. ती खडू कशी खायची आणि विचारले की "भिंतीने खाल्ला" म्हणायची, वगैरे. मास्तर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात चालला होता आणि ते ओठ चावत नव्हते. साडेअकराला सावली ताईंच्या गालावर आली आणि मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. चित्राची फळी माझ्या उघड्या झाकणाला टेकवलेली होती, तेव्हा मला चित्र समोरून दिसत नव्हते. पण वहिनी गोधडी घेऊन आल्या होत्या. त्या गोधडी काखेत धरून तशाच उभ्या राहिल्या आणि काही म्हणाल्या नाहीत. वहिनी काही न म्हणण्याचा प्रसंग मी त्याआधी पाहिला नव्हता.

"उद्या सकाळी एक तास मिळेल?" मास्तरांनी विचारले.

"नऊला येते. पण आज पुसू नका," ताई शाल सावरत म्हणाल्या.

"बघतो."

"बघतो म्हणजे पुसणार." त्यांनी चित्राकडे पाहिले नाही. पुसले जाणार असेल तर बघायचे कशाला, असे त्या वर्गातही म्हणत. घरी सामान बांधायचे राहिले होते, लेक न्यायला येणार होती. त्या घाईने निघाल्या.

संध्याकाळी मास्तरांनी चित्र खिडकीशी ठेवले. लांब गेले, जवळ आले. "नाक जास्त तांबडं झालंय," ते स्वतःशी म्हणाले. मग, "डोळा मेला आहे." मग, "सकाळच्या एका तासात नीट होईल. पण आधी हे खरवडायला हवं." त्यांनी सुरी घेतली. मला वाटले, झाले. गेल्या ताई.

मास्तरांची एक पद्धत होती. खरवडण्याआधी ते उद्याचे रंग तपासून ठेवत. त्यांनी माझ्या पहिल्या कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा होता.

मास्तरांनी सगळे कप्पे चाचपले. मला उचलून हलवले. उलटी केली, झाकणे गडगडली, ब्रश पडले. कोटाचे खिसे झाले. अंगणात जाऊन स्टुलाखाली बघून झाले.

"काय हरवलं?" वहिनींनी विचारले.

"पांढरा."

"ताईंच्या खिशात असेल. त्याच तर उबवत होत्या नऊ दिवस. जाऊन आणा."

मास्तरांनी बूट घातले. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. बांधाबांधीच्या घरात, लेक आलेली असताना, रंगाची ट्यूब मागायला जाऊन उभे राहायचे, हे त्यांच्याने होईना. भिडस्त माणसाला दहा पावलांचे अंतरही कोसभर असते. रंगांचे दुकान शनिवारी दुपारी बंद होई ते सोमवारी उघडे.

मित्रांनो, आता नीट ऐका. पांढऱ्याशिवाय चेहरा रंगवता येत नाही. आज खरवडले, आणि सकाळी ताई ट्यूब आणायला विसरल्या, किंवा गुडघ्यांमुळे आल्याच नाहीत, तर ताईंना न्यायला फक्त शाल उरणार होती. मास्तर हे समजून होते. सुरी हातात धरून ते खिडकीशी उभे राहिले. बाहेरचा उजेड गेला. मग त्यांनी सुरी आणून माझ्यात ठेवली आणि झाकण लावले. इतकी वर्षे ती संध्याकाळी माझ्यात येई ती रंगाने ओशट झालेली. त्या दिवशी ती कोरडी होती.

रविवारी नऊच्या आधीच फाटक वाजले. ताई आणि त्यांच्यामागे त्यांची लेक, हातात दोन पिशव्या. लेक आता स्वतः आई झालेली, पण चेहरा तोच हट्टी. मास्तरांनी मला आणि चित्राला अंगणात आणून ठेवले होते.

"माझा जीव वर-खाली, मास्तर," ताई म्हणाल्या आणि स्वेटरच्या आतून ट्यूब काढली. "घरी जाऊन खिशात हात घातला तर ही. हिच्याशिवाय तुम्ही चेहरा काय काढणार, म्हटलं, आणि परत यावं तर गुडघे असे. तुमचा खोळंबा केला."

"खोळंबा नाही," मास्तर म्हणाले. "पुसलं नाही मी."

ताई चित्रासमोर गेल्या. हे मात्र मी पाहिले. माझे तोंड तेव्हा त्यांच्याकडे होते. त्या बराच वेळ उभ्या होत्या. मास्तर मागून घाईघाईने बोलू लागले, "नाक जरा जास्त झालंय, ताई. पाऊण तास आहे. तुम्ही बसा, मी नाक आणि गाल खरवडून पुन्हा..."

"तू बस," ताई म्हणाल्या. किती वर्षांनी त्या 'तू'वर आल्या होत्या. मास्तर मुकाट्याने खडूच्या गोलांतल्या खुर्चीवर बसले. "नाक माझं आहे. मला चालतं. तीस वर्षं बसले, पण तुझ्या फळीवर दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक आहे ती आजच."

लेक अजून पिशव्या धरून उभी होती. टर्पेंटाईनच्या वासाने तिने नाक मुरडले होते. ती पुढे आली, चित्राकडे वाकून पाहिले आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"आई, तू अशीच बसायचीस," ती म्हणाली. "मी शाळेतून उशिरा आले की. रागावलेली नाही, पण विचारणार."

मग मास्तर खुर्चीतूनच हळूच म्हणाले, "डोळ्यात एक ठिपका हवा आहे. हे खरंच हवंय, ताई. ठिपक्याशिवाय डोळा बघत नाही."

ताईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले. मग स्वतः झाकण उघडले, ट्यूब दाबली आणि पॅलेटवर तिळाएवढा पांढरा रंग काढला. "एवढाच."

मास्तरांनी बारीक ब्रशाने तो उचलला, श्वास धरला आणि डाव्या डोळ्यात टेकवला. चित्रातल्या ताई खिळ्याकडे बघू लागल्या. ताईंनी लगेच झाकण पिळून बंद केले, दात-ओठ खाऊन पिळले, आणि ट्यूब माझ्या पहिल्या कप्प्यात ठेवली.

"झालं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड उघडले, मिटले. मग तेही म्हणाले, "झालं."

तेव्हा लेकीला सुचले, "मास्तरकाका, पण हे ओलं आहे. गाडीत न्यायचं कसं? माणसं घासत येतात-जातात."

कागद लावला असता तर चेहऱ्याला चिकटला असता. हातात धरून दिवसभर बसणे शक्य नव्हते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी माझ्यातून ब्रश काढले, सुरी काढली, पॅलेट काढली, हाताला लागतील त्या ट्यूबा काढून स्टुलावर ठेवल्या. मग चित्राची फळी माझ्या झाकणातल्या खाचांत सरकवली. ती अलगद बसली. कशालाही टेकली नाही.

"भाऊजी, ती मामंजींनी केलेली पेटी आहे," वहिनी म्हणाल्या.

"त्यांनी याच्याचसाठी केली होती," मास्तर म्हणाले आणि माझी कडी लावली. "वाळलं की पेटी परत पाठवा, ताई. थंडी आहे, वेळ लागेल. घाई नाही."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. माझ्या तळाशी चार-पाच जुन्या ट्यूबा तशाच राहिल्या होत्या, आणि पहिल्या कप्प्यात पांढरा.

अशी मी या गावी आले. चित्र वाळायला उन्हाळा उजाडला. मग ते बैठकीच्या खोलीत लागले. ताई त्याच्याखालीच खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याला विचारत, "कोण बरी दिसते?" मला परत न्यायला त्या गावाला जाणारे कुणी मिळेना. एक हिवाळा गेला. मग मास्तरांचे पत्र आले. लेकीने ते मोठ्याने वाचले, म्हणून मला माहीत. लिहिले होते, "पेटी राहू दे. मी दुसरी करून घेतली आहे. तिला खाचा आहेत, भोक नाही. यंदा अंगणात वहिनींना बसवले. त्या बोलायच्या थांबत नाहीत, त्यामुळे तोंड अवघड गेले. पण नऊ दिवसांत संपले. संध्याकाळी मी आता फिरायला जातो."

पुढचे माझे दिवस कुणाच्याही जुन्या वस्तूसारखे गेले. मी पलंगाखाली होते. माझ्यात बटणे, विजेची बिले, कसल्या कसल्या किल्ल्या असत. त्यांतली एकही माझ्या भोकाची नव्हती. मग ताई गेल्या, शांतपणे, एका दुपारी, खुर्चीतच. घराला रंग दिला तेव्हा मी माळ्यावर गेले. तिथे कितीतरी वर्षे होते. माळ्यावर वर्षे मोजत नाहीत. अडगळीत जायचे दुःख मी उगाळत बसत नाही. माझ्याहून चांगल्या वस्तू तिथे होत्या आणि त्याही गप्प होत्या.

या हिवाळ्यात लेकीने मला खाली काढले. ती आता चित्रातल्या ताईंपेक्षाही म्हातारी आहे. नोकरी संपली, आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत चित्रांचा वर्ग असतो तिथे ती जाऊ लागली आहे. "आईकडून बसणं शिकले, काढणं राहिलं," असे ती शेजारणीला सांगत होती. तिने मला पुसले, भोकात बोट घालून बघितले, आणि मला गॅलरीतल्या उन्हात ठेवले. जुन्या ट्यूबा एकेक हातात घेतल्या. झाकण नसलेला पिवळा दगड झाला होता. निळा फुटून भुगा. तांबडा वरून मऊ, आत खडा. तिने त्या बाजूला टाकल्या.

पांढऱ्याचे झाकण होते, पण ते हलेना. फडक्यात धरून पिळले, नाही. शेवटी पक्कड आणली तेव्हा ते कुरकुरत फिरले. तिने ट्यूब दाबली. घट्ट. काही आले नाही. ती जरा वेळ ट्यूबकडे बघत बसली. मग स्वेटरच्या आत, काखेत धरून बसली, अर्धा तास, चहा पिऊन होईपर्यंत. मग पुन्हा दाबली. आधी पिवळसर तेलाचा एक थेंब आला. आणि मागोमाग पांढरा रंग, मऊ.

ती आरसा समोर ठेवून स्वतःचे चित्र काढते आहे. चार दिवस झाले. गॅलरीत वारा असतो, दहा वाजले की तिचे नाक तांबडे होते. पहिल्या संध्याकाळी तिने रागाने फडके उचलले होते. मग आतल्या खोलीतल्या चित्राकडे बघून खाली ठेवले.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. काम झाले की झाकणे लावत जा. तुमच्यानंतर ती ट्यूब कुणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही. आणि स्वतःचे काम वाईट वाटले, तर ते एक रात्र तसेच राहू द्या. सकाळच्या उजेडात बघा, आणि मग काय ते ठरवा. मी मास्तरांची पेटी आहे, याहून शहाणपणाचे मला सांगता येणार नाही.

आत्ताच ऊन गेले. लेकीने फळी माझ्या झाकणातल्या खाचांत सरकवली आहे, ओलीच. आणि पांढऱ्याचे झाकण लावते आहे. अजून पिळते आहे. पुढच्याला पुन्हा पक्कडच लागणार.